राजाच्या शिव्या आणि चार देशांच्या मोजपट्ट्या

माझा भाचा बारा वर्षांचा आहे आणि बोलताना अडखळतो. सगळीकडे नाही, घरात भांडायला लागला की फाडफाड बोलतो, पण फोनवर स्वतःचं नाव सांगायची वेळ आली की पहिल्याच अक्षरावर गाडी अडकते. त्याच्या स्पीच थेरपीच्या मॅडम एकदा सहज म्हणाल्या की त्याला 'द किंग्ज स्पीच' दाखवा, आवडेल. रात्री ताईचा फोन. "तू पाहिलायस ना रे तो? नेटवर आर रेटिंग दिसतंय, शिव्या आहेत म्हणे. दाखवू का नको?" मी म्हटलं थांब जरा, बघून सांगतो.

बघायला बसलो आणि अजूनच गोंधळलो. एकाच पिक्चरला ब्रिटनमध्ये आधी एक रेटिंग मग आठवडा-पंधरवड्यात दुसरं, अमेरिकेत आधी एक मग काही महिन्यांनी दुसरं, ऑस्ट्रेलियात तिसरंच काहीतरी आणि जर्मनीत तर बंधनच नाही. सीन तोच, शब्द तेच, माणूस तोच. मग ताईला उत्तर द्यायचं राहिलं बाजूला आणि मी हे प्रकरण मुळापासून वाचत बसलो, त्याचंच हे सगळं.

आधी पिक्चरबद्दल थोडं, ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. २०१० सालचा, टॉम हूपर दिग्दर्शक. ब्रिटनचा राजा सहावा जॉर्ज, म्हणजे आत्ताच्या राजा चार्ल्सचे आजोबा, बोलताना भयंकर अडखळायचा. १९२५ मध्ये वेम्ब्लीला साम्राज्याच्या प्रदर्शनाचं समारोपाचं भाषण होतं, तिथे त्याची पार फजिती झाली, आणि पुढच्या वर्षी तो लायोनेल लोग नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाकडे जायला लागला. लोगकडे डॉक्टरीची डिग्री वगैरे काही नव्हती, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर खोली घेऊन तो लोकांचं बोलणं सुधारायचा. तेव्हा हा राजा नव्हता, राजाचा धाकटा मुलगा होता, पण १९३६ मध्ये मोठ्या भावाने एका बाईसाठी गादी सोडली आणि हा अचानक राजा झाला, आणि ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं तेव्हा अख्ख्या साम्राज्यासाठी रेडिओवर बोलायची पाळी याच्यावर आली. झाली गोष्ट. यात मारामारी नाही, रक्त नाही, बेडरूमचा सीन नाही. दोन मध्यमवयीन पुरुष एका खोलीत बसून बोलतायत, त्यातल्या एकाला धड बोलता येत नाहीये, एवढाच पिक्चर.

आता तो सीन. लोगच्या लक्षात येतं की हा चिडला की कमी अडखळतो. मग तो त्याला डिवचतो, तुम्हाला शिव्या येतात का हो? राजघराण्यातला माणूस, आधी अगदी सोवळ्यातल्या दोन-चार देतो. लोग म्हणतो ह्या काय शाळकरी पोराच्या शिव्या, तो एफवाला शब्द माहितेय की नाही? आणि मग राजाचं काम करणारा कॉलिन फर्थ जो सुटतो तो सुटतोच, एफ वर्डची नुसती लड लावतो, आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या लडीत एकदाही अडखळत नाही. शेजारच्या खोलीत लोगचा मुलगा अभ्यास करत असतो तो दचकतो. पुढे १९३९ च्या भाषणाची तालीम चालू असते तिथे पण हेच, शब्द अडला की मध्ये शिवी घालायची, गाणं म्हणायचं, नाचायचं, आणि पुढे जायचं.

हे हसवण्यासाठी घुसडलेलं नाही. अडखळणाऱ्या बऱ्याच माणसांचं असं होतं की गाताना, पाठ केलेलं म्हणताना किंवा तोंडातून आपोआप निघणारे शब्द बोलताना जीभ अडकत नाही. माझा भाचा आरती खणखणीत म्हणतो, शाळेतली प्रार्थना म्हणतो, आणि "मे आय कम इन" ला अडकतो. पिक्चर लिहिणारा डेव्हिड साइडलर स्वतः लहानपणी अडखळायचा, युद्धाच्या काळात आईबापांबरोबर बोटीने अमेरिकेला जाताना त्याचं हे सुरू झालं, आणि रेडिओवर राजाची भाषणं ऐकून त्याला धीर यायचा की हा बोलू शकतो तर मी पण बोलेन. शिव्यांचा उपाय त्याच्या स्वतःच्या पोरवयातला, लोगने खऱ्या राजाला असं काही करायला लावलं असा पुरावा नाही. बरं हा माणूस एवढा सभ्य की राजाच्या विधवेने, म्हणजे राणीमातेने, माझ्या हयातीत नको, त्या आठवणींनी त्रास होतो असं कळवल्यावर ती २००२ मध्ये जाईपर्यंत थांबून राहिला.

तर असा हा सीन ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटिश बोर्डासमोर गेला. बोर्डाचं नाव बीबीएफसी, १९१२ पासूनचं, सरकारी नाही, सिनेमावाल्यांनीच स्थापन केलेलं. त्यांनी दिलं १५, म्हणजे पंधरा वर्षांखालच्या पोराला थेटरात प्रवेशच नाही, आईबाप हात धरून आले तरी नाही. कारण काय तर एफ वर्ड. त्यांच्या तेव्हाच्या नियमात १२-ए साठी, म्हणजे १५ च्या खालच्या पायरीसाठी, लिहिलेलं होतं की असा शब्द क्वचितच यावा, आणि इथे तर लडच. हूपर लंडन फिल्म फेस्टिव्हलला जाहीरपणे बोलला, आणि त्याचा मुद्दा साधा होता. 'सॉल्ट' मध्ये अँजेलिना जोलीचा छळ दाखवलाय त्याला १२-ए, 'कसिनो रोयाल' मध्ये बॉन्डला नागडा करून खुर्चीला बांधून नको तिथे दोरखंडाने मारतात त्यालाही १२-ए, आणि माझा राजा एका बंद खोलीत उपचार म्हणून शिव्या देतो तर १५? (बॉन्डचा तो सीन ब्रिटनसाठी थोडा छाटला होता हे खरं आहे, पण छाटूनसुद्धा तो बघताना पुरुष प्रेक्षक पाय आवळून बसतात.)

बोर्डाने परत विचार केला आणि १२-ए दिलं. म्हणजे बारा वर्षांपुढची पोरं एकटी बघू शकतात, त्याखालची मोठ्या माणसाबरोबर. आणि सर्टिफिकेटखाली जी एक ओळ असते सावधगिरीची, तिथे काय लिहिलं तर स्पीच थेरपीच्या संदर्भात कडक भाषा. मला ही ओळ फार आवडली. सेन्सॉरच्या कागदावर इतकी नेमकी ओळ मी दुसरी पाहिली नाहीये. बोर्ड म्हणतंय शब्द आहे, लपवत नाही, पण तो कुणाच्या अंगावर फेकलेला नाही, कुणाला धमकवायला नाही, त्याचं तिथे काम आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अवघड नाही खरं तर. शिमग्याला गावात दिलेली शिवी कोणी अंगाला लावून घेत नाही, आणि तीच शिवी दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर दिली तर डोकं फुटतं. शब्द तोच, दिवस वेगळा. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती बीबीएफसीला ट्रेनिंग देईल.

आता अमेरिका. इथे प्रकार वेगळा आहे आणि जरा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे. तिथेही रेटिंग सरकार देत नाही, स्टुडिओंच्या संघटनेचं मंडळ देतं, १९६८ पासून, आणि पिक्चर बघून मत देणारे पालक असतात ज्यांची नावं बाहेर सांगत नाहीत. १९८४ मध्ये पीजी (आईबापांनी जरा लक्ष ठेवावं एवढाच सल्ला) आणि आर च्या मध्ये पीजी-१३ हा नवा डबा आला, कारण त्या वर्षी स्पीलबर्गच्या नावाशी जोडलेल्या 'इंडियाना जोन्स' च्या दुसऱ्या भागाने आणि 'ग्रेमलिन्स' ने लहान पोरं घाबरली आणि आईबाप चिडले. या पीजी-१३ मध्ये भाषेचा नियम जवळजवळ गणिताचा आहे. एफ वर्ड एकदा आला, नुसता वैतागून, तर चालेल. एकापेक्षा जास्त आला तर आर. लैंगिक अर्थाने आला तर एकदाच असला तरी आर. आर म्हणजे सतरा वर्षांखालच्या पोराने पालकाशिवाय यायचं नाही.

लोकांनी या एका शब्दाचा कोटा कसा वापरलाय ते बघा कधी, पीजी-१३ वाल्या मोठ्या पिक्चरमध्ये बरेचदा बरोब्बर एकदाच तो शब्द येतो, हिरोच्या तोंडी, मोक्याच्या जागी, जणू रेशनवर मिळालेली साखर जपून सणाला काढलीये.

आपल्या राजाने तर कोटा पहिल्याच दमात संपवला. रेटिंग आर, कारण दिलं थोडी भाषा. समीक्षक रॉजर ईबर्टने लिहिलं की हे रेटिंग अनाकलनीय आहे, टीनएजर पोरांसाठी हा उत्तम पिक्चर आहे. पण मंडळाच्या बाजूने बघायचं तर त्यांनी काही अन्याय केला नाही, नियम सगळ्यांना सारखा आणि मोजणी बरोबर. राजा असो नाहीतर टॅक्सीवाला, दोन म्हणजे दोन.

असं मला वाटत होतं, आणि मग मला 'गनर पॅलेस' सापडला आणि माझं मत हललं. ही २००५ ची डॉक्युमेंटरी, बगदादमध्ये सद्दामच्या मुलाच्या मोडक्या राजवाड्यात मुक्काम ठोकलेल्या अमेरिकन सैनिकांवर. त्यात एफ वर्ड बेचाळीस वेळा येतो. बेचाळीस! आधी आर मिळालं, मग अपील झालं, आणि पीजी-१३ मिळालं. म्हणजे नियमात पळवाट आहे, मंडळातल्या दोन तृतीयांश लोकांना वाटलं की संदर्भामुळे चालेल तर सूट देता येते, आणि शिवाय अपील आहे. खऱ्या युद्धातली खरी पोरं आहेत, अशीच बोलतात, आणि त्यांच्याच वयाची पोरं उद्या भरती होणार आहेत तर त्यांना बघू द्या, असा काहीसा तो युक्तिवाद. आणि पटतो पण.

पण मग २०१० मध्ये, 'किंग्ज स्पीच' च्याच वर्षी, 'द टिलमन स्टोरी' आली. पॅट टिलमन अमेरिकन फुटबॉलचे लाखो डॉलर सोडून सैन्यात गेला, २००४ मध्ये अफगाणिस्तानात आपल्याच लोकांच्या गोळीने मेला, आणि लष्कराने ते आधी लपवलं. हीसुद्धा डॉक्युमेंटरी, हेही खरे सैनिक, हीसुद्धा खरी भाषा. आर मिळालं, अपील केलं, हरले. सैनिक कसे लढतात त्यात बेचाळीस चालले, आणि लष्कर कसं खोटं बोललं त्यात नाही चालले. मी असं म्हणत नाहीये की मुद्दाम केलं. पण जे मंडळ मोजणीच्या जोरावर आम्ही निष्पक्ष आहोत म्हणतं त्याच्या मोजणीत असे खड्डे पडतात, आणि ते का पडले हे विचारायला बाहेरच्या माणसाला जागा नाही.

म्हणजे गोष्ट अशी नाहीये की अमेरिका मोजते आणि ब्रिटन ऐकतं. दोघंही दोन्ही करतात. प्रश्न एवढाच की कुणासाठी मोजायचं थांबवतात.

ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीचं पटकन सांगतो. ऑस्ट्रेलियात एम मिळालं, म्हणजे पंधरा वर्षांपुढच्यांसाठी योग्य असा सल्ला, पण नुसता सल्ला, दारावर कोणी अडवत नाही, दहा वर्षांचा पोरगा तिकीट काढून बसू शकतो. लोग त्यांच्या अॅडलेडचा, त्यामुळे तिथे पिक्चर घरचाच होता म्हणा. जर्मनीत वीस्बाडेनला एफएसके नावाची संस्था आहे, ०, ६, १२, १६, १८ असे त्यांचे टप्पे, त्यांनी दिलं ०. शून्य! कुठल्याही वयाला चालेल. जर्मन लोक हिंसेच्या बाबतीत बऱ्यापैकी कडक, पण शिवीने पोर बिघडतं यावर त्यांचा फारसा विश्वास दिसत नाही. आणि अजून एक, तिथे पिक्चर डब होऊन लागतो. शिवी भाषांतरात अर्धी मरते, हे ज्याने मराठीतली कुठलीही अस्सल शिवी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केलाय त्याला माहीत आहे. एफ वर्डला इंग्रजीत जो शंभर वर्षांचा बागुलबुवा चिकटलाय तो जर्मन शब्दाला नाही, मग मोजणार काय?

इथपर्यंत मी मनातल्या मनात बीबीएफसीला पूर्ण मार्क देऊन टाकले होते. सीन बघितला, संदर्भ बघितला, चूक मान्य केली, रेटिंग बदललं. एखादं बोर्ड आधी दिलेला निर्णय फिरवतं हेच किती दुर्मिळ. पण त्याच ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये अजून एक पिक्चर लागलेला होता, 'मेड इन डॅगनम'. १९६८ मध्ये फोर्डच्या डॅगनमच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, आम्हाला अकुशल कामगाराचा पगार का म्हणून, पुरुषांएवढा द्या म्हणून, आणि त्यातून पुढे १९७० चा समान वेतनाचा कायदा आला. त्या संपाची गोष्ट. हलकाफुलका, गाण्याबिण्यांचा पिक्चर, शाळेतल्या मुलींना वर्गात बसवून दाखवावा असा. त्याला मिळालं १५. कारण? एफ वर्ड. आणि ते १५ च राहिलं.

का? तर त्या बायका शिव्या बोलता बोलता देतात. कामगार माणसं एकमेकांत बोलतात तशा. कुठलाही उपचार नाही, कुणी डॉक्टर शेजारी उभा राहून सांगत नाहीये की आता म्हणा. मग संदर्भ कुठला लिहिणार, कारखान्याच्या संदर्भात कडक भाषा?

हे वाचलं आणि माझी जरा चिडचिड झाली. राजाने शिवी दिली की ती थेरपी, शिवणाऱ्या बाईने दिली की ती भाषा. राजाच्या तोंडी तो शब्द शोभत नाही म्हणूनच तो सीन मजेदार आणि म्हणूनच त्याला कारण लागतं, आणि कारण आहे म्हणून सूट मिळते. बाईच्या तोंडी तो शब्द रोजचाच, त्यामुळे त्याला कारण नाही, आणि कारण नाही म्हणून सूट नाही. संदर्भ बघणं ही चांगली गोष्ट आहे हो, पण संदर्भ ज्याला मांडता येतो त्यालाच तो मिळतो. हूपरसारखा माणूस फेस्टिव्हलला माइकसमोर उभा राहतो, जगातले पेपर छापतात. ब्रिटनमध्ये केन लोच नावाचा दिग्दर्शक हे आधीपासून सांगत आलाय. त्याचा २००२ चा 'स्वीट सिक्स्टीन', स्कॉटलंडमधल्या सोळाच्या आसपासच्या पोरांची गोष्ट, बोर्डाने भाषेमुळे १८ दिलं, म्हणजे ज्या वयाच्या पोरांवर पिक्चर आहे त्यांनीच तो बघायचा नाही. ब्रिटनमध्ये कायद्याने शेवटचा शब्द स्थानिक कौन्सिलचा असतो, बोर्डाचा नाही. पिक्चर ज्या भागात घडतो त्या इन्व्हरक्लाइडच्या कौन्सिलने सांगितलं आमच्याकडे १५. म्हणजे एका देशात, एका पिक्चरला, गाव बदललं की रेटिंग बदललं. त्या कौन्सिलच्या लोकांना ती भाषा रोज ऐकू येत होती, लंडनमधल्या बोर्डाला नव्हती, मला तरी फरक एवढाच दिसतो.

बरं, परत अमेरिकेत. २०११ चा फेब्रुवारी. ऑस्करला बारा नॉमिनेशन, चार मिळाले, त्यात सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि साइडलरला पटकथेचं. त्याच रात्री आधी मेलिसा लिओ नावाच्या अभिनेत्रीला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं आणि आनंदाच्या भरात तिच्या तोंडून लाइव्ह कार्यक्रमात तोच एफ वर्ड निसटला, चॅनेलवाल्यांनी घाईघाईने आवाज कापला. मग साइडलर स्टेजवर आला, त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि त्याने इंग्लंडच्या राणीचे आभार मानले की मेलिसा लिओचा तो शब्द वापरल्याबद्दल तिने मला टॉवर ऑफ लंडनमध्ये टाकलं नाही. मला वाटतं या सगळ्या प्रकरणावर याहून नेमकं कोणी बोललं नाही. राणीच्या खुद्द वडिलांच्या तोंडी शब्द घातला तर ती गप्प, आणि तिकडे समुद्रापलीकडच्या मंडळाला झेपेना.

पण वितरकाला आता पैसा दिसत होता. हार्वी वाइनस्टीन, पुढे ज्याचं काय झालं ते जगाला माहीत आहे, तेव्हा हॉलिवुडचा दादा होता. त्याचा हिशेब सरळ, ऑस्कर मिळालंय, आता शाळकरी पोरं आणि फॅमिली आणायची तर आर नको. हूपर म्हणाला मी कापणार नाही, फार तर बीप टाकायचा विचार करू. फर्थ ऑस्कर हातात घेऊन म्हणाला मला हे पटत नाही, मी काही शिव्यांचा पुरस्कर्ता नाही पण त्या सीनमध्ये त्याचं काम आहे. तरी १ एप्रिल २०११ ला, तारीख पण बघा, नवीन आवृत्ती लागली, काही शिव्यांचा आवाज बंद केलेली, रेटिंग पीजी-१३, आणि आर वाली थेटरातून उतरवली.

आता याचा अर्थ काय होतो ते जरा डोळ्यासमोर आणा. हा पिक्चर कशावर आहे? ज्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडत नाही अशा माणसावर. अर्धा तास आपण त्याचे नुसते ओठ हलताना बघतो, गळा हलतो, आवाज नाही. आणि मग तो सीन येतो जिथे पहिल्यांदा त्याचा आवाज धबधब्यासारखा बाहेर पडतो, आणि नेमका तिथे तुम्ही आवाज बंद केला. परत ओठ हलतायत, परत आवाज नाही. उपचार चालू असतानाच पेशंटला परत मुका केला.

हे मला सुचलं कारण मी स्वतः तो तसाच पाहिला होता पहिल्यांदा, टीव्हीवर, एका इंग्रजी पिक्चरच्या चॅनेलवर. आवाज गायब, खाली सबटायटलमध्ये फुल्या. खरं सांगतो, मला कळलंच नाही की तो शिव्या देतोय, मला वाटलं बिचारा परत अडखळला. नंतर मित्राने सांगितलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे टीव्हीवर ए सर्टिफिकेटवाला सिनेमा चालत नाही, तो विषय मुंबई हायकोर्टात गाजला, मुंबईतल्या एका प्राध्यापिकेच्या जनहित याचिकेवर, साधारण वीस वर्षांपूर्वी. तेव्हापासून चॅनेलवाले ताकही फुंकून पितात, आणि सबटायटलवाल्याला तर कोंबडीच्या अवयवाचं साधं नाव पण धोक्याचं वाटतं.

आपल्या सेन्सॉर बोर्डाबद्दल वेगळं लिहायला बसलो तर हे संपायचं नाही, म्हणून एकच गोष्ट. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी अठ्ठावीस शब्दांची यादीच काढली होती, इंग्रजी आणि हिंदी शिव्यांची, हे शब्द आले की कापा. बोर्डाच्याच सदस्यांनी विरोध केला, गाजावाजा झाला, यादी थंड पडली. (त्याच वर्षी बॉन्डचं चुंबन निम्मं कापलं ते हेच बोर्ड, अर्धं चुंबन संस्कारी आणि उरलेलं अर्धं पाश्चात्त्य.) यादी म्हणजे अमेरिकेच्या मोजणीच्या पुढची पायरी, तिथे निदान एकदा तरी चालतं, इथे शून्य. आणि आपण फार हसूही नये, कारण तुकोबांच्या त्या लंगोटीच्या ओळीत शाळेच्या पुस्तकात 'कासेची' असतं आणि गावाकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी वेगळाच शब्द असतो. आमच्या आजोबांच्या तोंडी तर नक्कीच होता. तो आमचा पीजी-१३.

आता कायदा बदललाय, २०२३ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे यूए मध्ये ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे आलेत, आणि ते पालकांसाठी मार्गदर्शन आहे, दारावर अडवणं नाही. कागदावर बरं आहे. पण टप्पा ठरवणारा माणूस मोजणार की ऐकणार हे कायद्यात कुठे लिहिता येतं?

आणि 'किंग्ज स्पीच' च्या त्या कापलेल्या आवृत्तीचं पुढे काय झालं माहितेय? डीव्हीडी आणि ब्लू-रे वर ती आलीच नाही. दुकानात मिळाली ती मूळचीच, सगळ्या शिव्यांसकट. साधारण दीड कोटी डॉलरमध्ये बनलेल्या पिक्चरने जगभरात चाळीस कोटींवर कमावले, त्यातला बहुतेक पैसा शिव्यावाल्या राजाचाच.

ताईला मी फोन केला. म्हटलं, ब्रिटनच्या हिशेबाने तो एकटा बघू शकतो, अमेरिकेच्या हिशेबाने तू शेजारी बसलीस तर चालेल, ऑस्ट्रेलियाचा सल्ला आहे की थांबा, जर्मनी म्हणते पाळण्यातल्या पोराला पण दाखवा. ती म्हणाली, "अरे मला देश नको सांगूस, तुझं काय म्हणणं ते सांग." मी म्हटलं दाखव, मी पण येतो.

रविवारी दुपारी तिघं बसलो. शिव्यांचा सीन आला तशी ताई उगाच उठून पाणी आणायला गेली. पोरगा खो खो हसला, मग मागे घेऊन परत लावला, आणि दुसऱ्या वेळी हसला नाही, नुसता बघत राहिला. मला वाटलं आता विचारेल त्या शब्दाबद्दल, मी उत्तर पण तयार ठेवलं होतं. त्याने विचारलं भलतंच. पिक्चरच्या सुरुवातीला एक म्हातारा नामांकित डॉक्टर राजाला तोंडात काचेच्या गोट्या भरायला लावतो, आणि म्हणतो आता वाचा.

"म-मामा," तो म्हणाला, "त्या डॉक्टरला कोणी काही बोललं नाही का?"